डायपर सोडवताना: घरचा पॉट, बाहेरचा संडास आणि साफ न होणारं पोट

डायपर सोडवायचा म्हटलं की घरातले सगळे शूच्या मागे लागतात. दर अर्ध्या तासाने मोरीत न्यायचं, फरशी पुसायची, दिवसाअखेर किती चड्ड्या ओल्या झाल्या ते मोजायचं. पण गाडी अडते ती बहुतेक वेळा शीपाशी. शी करताना एकदा दुखलं की मूल ती रोखून धरतं. आत साठलेली शी मूत्राशयावर दाब देते, त्यामुळे शूही वेळीअवेळी सुटते, आणि आपण म्हणतो, 'अजून याला शूचं कळत नाही.' म्हणून पॉट कुठल्या रंगाचा आणायचा याच्या आधी मुलाचं पोट रोज, मऊ आणि न दुखता साफ होतंय का, हे बघायचं.

वयाचं आधी उरकू. बहुतेक मुलांची तयारी दीड ते तीन वर्षांच्या मध्ये कधीतरी दिसू लागते आणि दिवसाची शू दोन ते तीनच्या दरम्यान ताब्यात येते. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे राहतात, त्यात काही गैर नाही. 'आमच्या वेळी वर्षाची मुलं सांगायची' हे घरोघरी ऐकू येतं, आणि ते अगदीच खोटं नसतं. आजी बाळाला पायांवर बसवून 'सूऽऽ' करायची तेव्हा तिला बाळाची वेळ अचूक माहीत असायची. झोपेतून उठल्यावर, दूध प्यायल्यावर. बाळालाही त्या आवाजाची आणि बसण्याची सवय व्हायची. यात वाईट काही नाही, लंगोट वाचायचे. फक्त त्यात लक्ष ठेवण्याचं काम आजीचं असायचं, बाळाचं नाही. चालायला लागल्यावर तेच बाळ पायावरून उठून पळतं, आणि खरं शिकणं त्यानंतर सुरू होतं. १९६२ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी मुलाची तयारी बघून सुरुवात करण्याची पद्धत मांडली, तिचाही रोख हाच होता. दोन्ही एकत्र चालतात. सवय लवकर लावा, अपेक्षा उशिरा ठेवा.

तयारीची लक्षणं अशी: डायपर सलग दोन तास कोरडा राहतो, ओलं झालं की मूल ओढून दाखवतं, चड्डी खाली सरकवता येते, 'बूट आण आणि बाबांना दे' इतकी सूचना कळते. पण सगळ्यांत भरवशाचं लक्षण म्हणजे शी करायला पडद्यामागे, सोफ्याच्या कोपऱ्यात किंवा दाराआड जाऊन थांबणं. याचा अर्थ आत काय चाललंय ते त्याला कळतंय आणि थोडा वेळ थांबवताही येतंय. नवं बाळ येणार असेल, घर बदलायचं असेल, सांभाळणाऱ्या ताई बदलल्या असतील किंवा मूल नुकतंच आजारातून उठलं असेल, तर महिनाभर थांबा.

आधी पोट

शी घट्ट आहे हे ओळखायला रोज होते की नाही एवढं बघून भागत नाही. रोज होऊनही खडे पडत असतील तर ते बद्धकोष्ठच. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं, कमोड तुंबेल एवढी मोठी शी, पुसताना रक्ताची रेघ, हेही त्यातलंच. दोन खुणा मात्र हमखास चुकीच्या वाचल्या जातात. पहिली: मूल टाचा उचलून, पाय एकमेकांत घट्ट आवळून, लालबुंद होऊन उभं असतं. घरच्यांना वाटतं जोर करतंय. प्रत्यक्षात ते शी आत रोखत असतं. बसून पुढे वाकलेलं मूल जोर करतं, उभं राहून ताठ झालेलं मूल थांबवतं. दुसरी खूण: चड्डीला दिवसभर थोडी थोडी पातळ शी लागत राहते. याला जुलाब समजून डाळ-भाज्या बंद केल्या जातात आणि केवळ पेजेवर ठेवलं जातं. आत मोठा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ शी झिरपत असते. मुलाला ती कळतही नाही, कारण ताणलेल्या गुदाशयाची जाणीव बोथट झालेली असते. अशा मुलाला 'मोठा झालास तरी चड्डीत करतोस' म्हणून ओरडणं म्हणजे निव्वळ अन्याय.

कारणांत पहिला नंबर दुधाचा. दोन-अडीच वर्षांचं मूल बाटलीने दिवसाला लिटरभर दूध पीत असेल तर जेवणाला जागाच उरत नाही. ते ५०० मिलीच्या आत आणा, रात्रीची बाटली आधी बंद करा. दूध धरून दिवसभरात एकूण साधारण एक लिटर पातळ पदार्थ पोटात जावेत, उन्हाळ्यात अजून थोडे. बिस्किटं, टोस्ट, खारी, मॅगी ही दुसरी रांग. पपई, पेरू, अंजीर, ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी आमटीत कुस्करून, दुधी किंवा लाल भोपळा घातलेलं वरण, तूप, हे रोजच्या जेवणातच बसतं. आठ-दहा काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट कुस्करून द्या, अख्ख्या देऊ नका, घशात अडकतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: फक्त भाकरी-भाजी वाढवली आणि पाणी वाढवलं नाही तर शी अजून घट्ट होते.

हे करूनही दोन आठवड्यांत मऊ झाली नाही, किंवा रक्त दिसतंय, तर पॉट बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते शी मऊ ठेवणारं औषध देतात. ते काही आठवडे, कधी काही महिने चालतं. इथे नेहमी घडणारी गोष्ट म्हणजे चार दिवस छान झाली की घरचे औषध बंद करतात. ताणलेला गुदाशय पूर्वपदावर यायला वेळ लागतो, आणि मुलाच्या मनातलं 'दुखेल' जायला त्याहून जास्त. साबणाची कांडी, एरंडेल, घरच्या घरी एनिमा हे डॉक्टरांना न विचारता करायचं नाही. साबणाने आतली त्वचा जळते, आणि आधीच घाबरलेल्या मुलाच्या त्याच जागी जबरदस्तीने काही घालणं ही भीती पक्की करण्याची उत्तम पद्धत आहे.

काही मुलं शू पॉटमध्ये शहाण्यासारखी करतात, पण शीला डायपर मागतात. द्या. नाही दिलात तर रोखतील आणि तुम्ही दोन महिने मागे जाल. डायपर द्यायचा, फक्त जागा सरकवत न्यायची. आधी हॉलऐवजी मोरीत उभं राहून डायपरमध्ये करू द्यायची. ते जमलं की डायपर घालूनच पॉटवर बसून. मग डायपर सैल. मग त्याला खाली भोक पाडून. मग डायपर नुसता पॉटमध्ये अंथरून. एकेका पायरीला तीन-चार दिवस, कधी आठवडा. एखाद्या पायरीवर शी थांबली तर एक पायरी मागे जायचं. शी झाल्यावर तिला मुलासमोर 'शी, घाण!' म्हणून नाक मुरडू नका. ती त्याच्या पोटातून आलेली असते, आणि घाण म्हटलेली गोष्ट लपवायची असते हे दोन वर्षांच्या पोराला नीट कळतं.

बसायची जागा

शी नीट व्हायला पाय टेकलेले हवेत, गुडघे कमरेच्या किंचित वर आणि अंग थोडं पुढे झुकलेलं. लोंबकळत्या पायांनी मुलाला खालचे स्नायू सैल सोडताच येत नाहीत, त्याचं सगळं लक्ष पडू नये याकडे असतं. आपल्या भारतीय बैठकीच्या संडासात ही बैठक आपोआप मिळते, म्हणून ज्या घरात तो आहे तिथे वेगळा पॉट आणलाच पाहिजे असं नाही. अडचण एवढीच की पाय ठेवायच्या जागा मोठ्यांच्या मापाच्या असतात. दोन वर्षांचं मूल त्यावर पाय फाकवून बसलं की डगमगतं. सुरुवातीला दोन्ही बगलांत हात घालून धरा, किंवा पॉट मोरीत ठेवा आणि त्यातलं संडासात ओता.

पॉट घेताना बूड रुंद बघा, आतलं भांडं वेगळं निघणारं, बसायची उंची १५ ते १८ सेंटिमीटर. गाणी वाजणारा, दिवे लागणारा पॉट नको, मूल बटणं दाबत बसतं. मुलग्यांसाठी पुढे उंचवटा असतो, तो कडक आणि उंच असला की बसताना लागतो आणि एकदा लागलं की आठवडाभर पॉटचं नाव काढू देत नाही.

कमोड वापरणार असाल तर वर बसवायची छोटी सीट आणि खाली स्टूल दोन्ही लागतं, नुसती सीट नाही. कमोडची उंची साधारण ४० सेंटिमीटर असते. त्यामुळे दोन-अडीच वर्षांच्या मुलाला २० सेंटिमीटरच्या आसपासचं रुंद, खाली रबर असलेलं स्टूल लागतं. एकावर एक पाट रचू नका, ओल्या फरशीवर सरकतात. सीट बसवल्यावर ती हाताने डावीउजवीकडे हलवून बघा. हलत असेल तर मुलाला ती तुमच्या आधी कळेल.

घरातले पहिले दिवस

उन्हाळा बरा. कपडे कमी, धुतलेलं तासाभरात वाळतं, फरशीवर अनवाणी फिरलं तरी गारठत नाही. फक्त घामामुळे शू कमी होते आणि पाणी कमी पडलं की शी घट्ट होते, तेवढं सांभाळा. पावसाळ्यात सुरू केलंत तर आठ चड्ड्यांऐवजी पंधरा लागतील आणि त्यातल्या निम्म्या दमट असतील. घरातला एक मोठा माणूस सलग तीन-चार दिवस मोकळा हवा. तीन दिवसांत मूल तयार होतं असं नाही, पण तेवढ्या दिवसांत मोठ्यांना मुलाची वेळ कळते.

दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १२० मिली मावतं, म्हणजे घरातला एक चहाचा कप. हिशेब सोपा आहे: वयात दोन मिळवा, तीसने गुणा. म्हणून दीड-दोन तासांनी नेणं पुरतं. दर दहा मिनिटांनी 'शू आली का? शू आली का?' करत राहिलं की दोन गोष्टी होतात. मूत्राशय कधी भरतच नाही, त्यामुळे भरल्याची जाणीव ओळखायला मिळत नाही. आणि मूल वैतागून प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणायला शिकतं. विचारूच नका, सांगा: 'चल, शू करून येऊ, मग ब्लॉक्स.'

वेळा ठरलेल्या ठेवा. उठल्यावर, जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांनी, आंघोळीच्या आधी, बाहेर पडताना, झोपताना. जेवणानंतरची वेळ मुद्दाम आहे. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, तेव्हा शीला बसवलं तर निम्मं काम शरीरच करतं. तीन ते पाच मिनिटं पुरे. नाही झाली तर 'बरं, नंतर' म्हणून उठवायचं. हातात मोबाइल देऊन अर्धा तास बसवलेलं मूल पॉटवर बसलेलं असतं खरं, पण त्याचं लक्ष पोटाकडे नसतं, आणि उद्या मोबाइलशिवाय बसणार नाही.

नेहमीची तक्रार: पॉटवर बसून काही नाही, उठला आणि चार पावलांवर फरशीवर. हा खोडसाळपणा नाही. बसल्यावर स्नायू आवळलेले राहतात, उठून लक्ष दुसरीकडे गेलं की सैल पडतात. त्यावर जास्त वेळ बसवणं हा उपाय नव्हे. साबणाचे फुगे फुंकायला द्या, पिपाणी द्या, हातावर कोमट पाणी ओता. फुंकताना खालचे स्नायू सैल होतात, शीसाठीही हे चालतं.

फरशीवर झाली की आवाज तसाच ठेवून एवढंच: 'शू खाली झाली. शू पॉटमध्ये. चल.' मधेच थांबली असेल तर उरलेली पॉटमध्ये करवा. ओली चड्डी त्यालाच बादलीत टाकू द्या. शिक्षा म्हणून नाही, कामाचा पुढचा भाग म्हणून. शेजारच्या मुलीचं उदाहरण, 'चटका देईन' असल्या धमक्या, ओल्या चड्डीत मुद्दाम ठेवणं, यांनी मूल शू करायला शिकत नाही, लपवायला शिकतं. बक्षीस द्यायचं तर लगेच आणि छोटं, टाळी किंवा एक स्टिकर. प्रत्येक शूला चॉकलेट ठेवलंत तर हुशार मूल चार थेंब करून चॉकलेट मागतं, पाच मिनिटांनी परत चार थेंब.

घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा, 'शू' आणि 'शी' पुरेसे आहेत, शाळेतल्या ताईंनाही ते कळतात. आजी दुपारी दोन तास सांभाळते आणि तेवढ्यापुरता डायपर घालते, यावरून घराघरात भांडणं होतात. माझं मत: जागेपणी घरात डायपर नको, पण आजीचे गुडघे दुखत असतील आणि तिला वाकून फरशी पुसणं शक्य नसेल, तर त्या दोन तासांसाठी घालू दे. त्याने सगळं बिघडत नाही. बिघडतं ते सकाळी चड्डी, दुपारी डायपर, पाहुणे आले की डायपर, पाऊस आला की डायपर, असं बेभरवशाचं झालं की.

कपडे इलॅस्टिकचे. डंगरी, बटणाची पँट, खाली टिचबटणं लागणारे कपडे माळ्यावर ठेवून द्या. पुढे जाड अस्तर लावलेल्या सुती ट्रेनिंग चड्ड्या मिळतात. त्यांत एक छोटी शू जिरते आणि तरी ओलं लागतं, हे चांगलं. पँटसारखे ओढून चढवायचे डायपर मात्र डायपरच, मूल त्यात कोरडंच असतं.

धुण्याचं: मुलींना नेहमी पुढून मागे धुवायचं, उलटं केलं तर शीतले जंतू मूत्रमार्गात जातात. जेटचा फवारा जोरात मारू नका, आधी भिंतीवर मारून दाब बघा. मुलग्यांची पुढची त्वचा मागे ओढून धुवायची नाही, ती आपोआप मोकळी होते. मग साबणाने हात, वीस सेकंद. स्वतःहून नीट धुता यायला चार-पाच वर्षं उजाडतात, तोवर शेवटचा हात मोठ्यांचा. मुलग्यांना शू आधी बसूनच शिकवा. शी आणि शू अनेकदा एकत्र येतात, उभं राहायची सवय आधी लागली तर बसायला तयार होत नाहीत.

फरशी पुसताना आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग पाणी, मग फिनेल. सरळ ओलं फडकं फिरवलं तर शू पसरते आणि संध्याकाळी वास येतो. ब्लीचिंग पावडरचं पाणी आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र ओतू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. पॉटमध्ये शू असतानाही ब्लीच घालू नका, आधी ओतून पाण्याने विसळा. डायपरमध्ये शी असेल तर ती संडासात टाकून मग डायपर गुंडाळा आणि कागदात बांधून वेगळा द्या. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली होती. कुठल्याही शहरात करण्यासारखी गोष्ट आहे, पुडकं हाताने उघडून बघावं लागत नाही.

बाहेर

घरात आठवडाभर बरं चाललं की मगच. पहिली फेरी अर्ध्या-पाऊण तासाची, शू करून लगेच निघायचं आणि जिथे संडास कुठे आहे हे माहीत आहे अशाच ठिकाणी जायचं. निघताना 'आली का' नाही, 'आपण सगळे करून निघतो', आणि मोठ्यांनीही जायचं. पिशवीत दोन चड्ड्या, एक पँट, मोजे (शू ओघळून आधी मोज्यात जाते, हे कोणी सांगत नाही), पाण्याची अर्ध्या लिटरची वेगळी बाटली, कागदी साबण, जुना पंचा आणि ओल्या कपड्यांना रेक्झिनची दोरीवाली पिशवी. गाडी असेल तर घडीचा पॉट डिकीत कायमचा. मुलग्यांसाठी रुंद तोंडाची झाकणाची बाटली चालते. 'लहान आहे, चालतंय' म्हणून रस्त्याच्या कडेला बसवण्यापेक्षा हे बरं, आणि मुलालाही एकच नियम राहतो.

मॉलमध्ये दोन गोष्टी घाबरवतात. मूल बसलेलं असतानाच सेन्सरवर आपोआप होणारा फ्लश आणि हात वाळवायचं यंत्र. सेन्सरवर ओला टिश्यू किंवा चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि मूल खाली उतरल्यावर काढा. हात पंचाने पुसा. मोठ्या सीटवर मूल एकटं बसवू नका, आत घसरतं. समोर गुडघ्यावर बसून त्याचे हात आपल्या खांद्यांवर घ्या.

सुलभमध्ये, एसटी स्टँडवर, मंगल कार्यालयात बहुधा भारतीय संडास, ओली फरशी, आणि पिशवी अडकवायला खुंटी नाही. पिशवी पाठीवरचीच न्या. आत जाण्याआधी नळाला पाणी आहे का बघा. धरायची पद्धत: मुलाची पाठ आपल्या छातीला, दोन्ही हात त्याच्या मांड्यांखाली गुडघ्यांपाशी, आपण पाय फाकवून थोडं वाकून. मुलाचं ढुंगण गुडघ्यांपेक्षा खाली हवं. मुलीची चड्डी एका पायातून पूर्ण काढा, नुसती गुडघ्यापर्यंत सरकवली तर हमखास भिजते. मुलग्याचं टोक बोटाने खाली वळवा, नाहीतर धार सरळ दारावर. बारा-तेरा किलोचं मूल असं दोन-तीन मिनिटं धरून पाठ मोडते, तेव्हा शी असेल तर घडीचा पॉट आत नेऊन त्यातच करवा.

मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो. कसाऱ्याहून सीएसएमटीला यायला दोन-अडीच तास लागतात, दोन वर्षांच्या मुलाची धरून ठेवायची ताकद तितकीच. अशा प्रवासाला सरळ डायपर घाला, पण चढण्याआधी आणि उतरल्यावर स्टेशनवर न्या. त्याला सांगा, 'ही गाडीतली चड्डी.' एक्सप्रेसवेवर गाडी कडेला घेऊन मुलाला उतरवायचं नाही, मागून येणाऱ्या गाड्यांचा वेग बघता ते जिवावरचं काम आहे. मुंबईहून पुण्याला जाताना खालापूरचा फूड मॉल घाटाच्या आधी लागतो, तिथे 'नको' म्हणालं तरी न्या, पुढे बोरघाटात अडकलात तर तासभर हलता येत नाही. एसटीत चढताना कंडक्टरना पुढचा थांबा किती वेळाचा हे विचारून घ्या, आणि लहान मूल आहे सांगितलं की बहुतेक जण थांबतात.

लांबच्या रेल्वेगाडीत सकाळी सहा ते आठ संडासापुढे रांग आणि पाणी संपलेलं. मूल उठलं की लगेच, रांगेआधी. आपली पाठ भिंतीला टेकवा मगच मुलाला उचला, गाडी रूळ बदलताना झोका बसतो. विमानात उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पट्टा सोडता येत नाही, म्हणून आत बसायच्या आधी गेटजवळच्या संडासात, आणि उतरायची घोषणा व्हायच्या अर्धा तास आधी एकदा. तिथला फ्लश भयंकर आवाज करतो. मुलाला आधी बाहेर काढा, झाकण लावा, मग बटण दाबा.

प्ले ग्रुपमध्ये प्रवेश घेताना बऱ्याच ठिकाणी 'शू सांगते ना?' विचारतात. त्याआधी आपण दोन गोष्टी विचारा: तिथे संडास कोणत्या प्रकारचा आहे, आणि धुवायला कोण येतं. घरी कमोड आणि शाळेत भारतीय बैठक असेल तर मूल चार तास शू रोखून घरी येतं. आधी महिनाभर दुसरी पद्धतही घरी, आजोळी, कुठेही सरावाची करून ठेवा. 'धुवायला फक्त अमुक मावशीच' हे मुलाला नावानिशी सांगा.

सगळं जमलेलं मूल परत चड्डीत करायला लागलं तर धाकटं भावंड, शाळा, आजार यांपैकी काही झालंय का बघा आणि पुन्हा पोटाकडे वळा. शू करताना जळजळ, ताप, उग्र वास असेल तर लघवी तपासून घ्या. मुलग्याची धार कायम बारीक, थेंब थेंब असेल, चड्डी सतत टिपकत असेल, किंवा अचानक खूप तहान आणि खूप शू सुरू झाली असेल, तर वाट न बघता डॉक्टर. शेवटचं लक्षण मधुमेहाचंही असू शकतं.

रात्रीचं वेगळं. दिवसा सहा महिने कोरडं असलेलं मूल रात्री भिजवतं, कारण रात्री शू कमी करणारं संप्रेरक पुरेसं तयार व्हायला आणि भरलेल्या मूत्राशयाने जाग यायला वेळ लागतो. ते शिकवून येत नाही. पाच वर्षांच्या दर सहा-सात मुलांमागे एक अजून अंथरूण ओलं करतं. झोपेत उचलून नेलं तर गादी वाचते, मूल मात्र झोपेतच शू करायला शिकतं. संध्याकाळनंतर पाणी तोडू नका, दिवसा जास्त प्यायला द्या, झोपायच्या आधीच्या तासात फक्त कमी करा. डायपर सकाळी सलग आठवडाभर कोरडा मिळायला लागला की काढून बघा. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर परत मेणकापड आणि परत चादर असं अंथरा. रात्री दोन वाजता वरचा थर ओढून काढायचा आणि मुलाला परत झोपवायचं, दिवाही लावावा लागत नाही. सहावं-सातवं वर्ष लागलं तरी आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल तर डॉक्टरांना विचारा. ते पहिला प्रश्न विचारतील, 'शी रोज होते का?'